चिडक्याच्या पाठीवरचे टाके

चमचा बशीतून घसरला आणि फरशीवर टणकन वाजला.

एवढासा आवाज, पण खोलीतली तिघंही दचकली. आलेली बाई अजून एक शब्दही बोलली नव्हती. आत आली, खुर्चीत बसली, पिशवीतून एक खेळणं काढून टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. जणू त्यानंच आधी तोंड उघडायला हवं होतं.

"माफ करा हं," भाऊजी चमचा उचलत पुटपुटले.

"तुम्ही कशाला माफी मागताय?" बाई एकदम उसळली. "ज्यांनी मागायची ते तोंडं शिवून बसलेत! आणि त्यात मी पण आहे का, हेच कळत नाहीये मला!"

कोंडी फुटली होती. वहिनींनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

वहिनी पूर्वी एका विमा कंपनीसाठी जळलेली दुकानं आणि भिजलेली गोदामं तपासत. आता घराच्या पुढच्या खोलीत बसून लोकांची कोडी सोडवत. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. ते चारचौघांत 'वहिनी, वहिनी' करत, म्हणून येणारे अशीलही त्यांना वहिनीच म्हणू लागले होते. सोबत जाणं, पिशवी धरणं आणि सगळ्यांत आधी चुकीचा अंदाज सांगणं, ही भाऊजींची कामं. ती ते मनापासून करत.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

"मी खेळणी करते. हाताने शिवलेली. बिघडोबे म्हणतात त्यांना."

"ते बिघडोबे तुमचे?" भाऊजी खूश झाले. "आमच्या पुतणीकडे एक आहे. कायम पाठ फिरवून बसतो."

"तो रुसका. हा चिडका."

टेबलावरचा चिडका राखाडी, केसाळ कापडाचा होता. भुवया एकमेकींत अडकलेल्या, खालचा ओठ पुढे, एक मूठ दुसरीच्या दुप्पट. पोट उशीसारखं गुबगुबीत. पाठीवर मधोमध लाल जाड दोऱ्याचे वाकडेतिकडे टाके, ऑपरेशन झाल्यासारखे. बिघडोबा ओळखायचा तो त्या टाक्यांवरून. त्याच टाक्यांना लागून कापडावर एक तपकिरी ठिपका होता.

"रक्त आहे," बाई म्हणाली. "माझ्या मुलीचं. पाच वर्षांची आहे. ह्याच्या पाठीवर गाल ठेवून झोपली. कूस बदलली आणि सुई डोळ्याच्या खाली घुसली. जराशी वर घुसली असती तर..."

तिच्या हाताची मूठ चिडक्यासारखी वळली.

"सुई कुणी काढली?"

"माझ्या आईनं. ती तिच्याजवळच झोपते. घरात आम्ही तिघीच." तिने काडेपेटी उघडली. आत कापसावर एक सुई होती. बारीक, बोटाच्या पेराएवढी. नेढं इतकं नाजूक की भाऊजींना चष्मा लावूनही दिसेना.

"ही सुई माझी आहे," बाई म्हणाली. "हिनं मी खेळण्यांचे डोळे शिवते. बाकी कुणाला ही लागत नाही. पाठ बंद करतात मावशी. त्या जाड सुई वापरतात. मी दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं सांगू? मावशींना हाकलून दिलं. सगळ्यांसमोर. 'तुमचे डोळे गेलेत, घरी बसा' म्हणाले. आणि मग ही सुई नीट बघितली."

"मग?"

"मग कळलं, ही माझी. म्हणजे मीच विसरले का आत? माझ्याच पोरीच्या गालात सुई खुपसली आणि खापर दुसऱ्या बाईच्या डोक्यावर फोडलं? मला एवढंच कळू द्या, वहिनी. माझ्या हातून झालं असेल तर मी यापुढे सुई धरणार नाही. कधीच."

वहिनींनी चिडक्याला उचललं. पाठ उजेडाकडे धरली. टाक्यांजवळचे केस फुंकून बाजूला केले, भिंग लावलं.

"भाऊजी, बघा. काय दिसतं?"

"भोकं," भाऊजी म्हणाले. "बऱ्यापैकी मोठी. दोरा नसलेली. कसर लागली असेल."

"तुमचा कंगवा द्या."

भाऊजींच्या डोक्यावर विंचरण्याजोगं फारसं उरलं नव्हतं, पण कंगवा कायम खिशात असे. वहिनींनी तो चिडक्याच्या पाठीवर टाक्यांच्या बाजूनं आडवा ठेवला, बराच वेळ बघितला आणि परत दिला.

"बिचाऱ्याला विंचरायचं होतं तर केसांच्या दिशेनं तरी," भाऊजी म्हणाले.

वहिनींनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. "डोळे कधी शिवता तुम्ही? भरायच्या आधी की नंतर?"

"आधी. तोंड रिकामं असतं तेव्हा. मग मागून कापूस भरतो आणि शेवटी पाठ बंद. बंद झालेली खेळणी एका टोपलीत जातात. आई एकेक दाबून बघते, कुठे टोचत नाही ना. मग खोक्यात. तो चिडका त्याच दिवशी सकाळी केलेला. आईच्या हातालाही ही सुई लागली नाही, हेच मला कळत नाही."

"तुमची आई फक्त दाबायचंच काम करते?"

"आई फार मोठी शिवणकाम करणारी आहे. सुरुवातीला पाठी तीच बंद करायची. पण तिचा टाका फार सरळ येतो. मी म्हटलं, आई, हे दुकानातल्या अस्वलासारखं दिसतं, बिघडोबा वाटत नाही. मग मावशींना ठेवलं."

"आई काय म्हणाली?"

"काही नाही. म्हणाली, बरं."

*

खेळणीवालीच्या घराच्या वळणावर वहिनी थांबल्या. "भाऊजी, पिशवी द्या."

त्यांनी पर्समधून कात्री काढली आणि भाऊजींच्या चांगल्या कापडी पिशवीला तीन ठिकाणी कापलं. कच्, कच्, कच्.

"अहो वहिनी! नवी होती!"

"म्हणूनच. जुनी असती तर कुणी शिवायला घेतली नसती."

"मला तर वाटतं त्या मास्टरचं काम आहे," भाऊजी पिशवी कुरवाळत म्हणाले. "ती म्हणाली ना, कापड कापायला कटिंग मास्टर आहे एक? ज्याच्या हातात मोठी कात्री, तो..."

"तो काय?"

"नाही, म्हणजे... मला आपलं वाटलं."

वर्कशॉप घराच्या तळमजल्यावर होतं. लांब टेबल, दोन मशिनी, कापसाची पोती. भिंतीवरच्या फळीवर तयार बिघडोबे बसलेले: घाबरट, रुसका, रडका, ज्याच्या पोटावर अश्रू ठेवायचा खिसा होता. काम बंद होतं. कटिंग मास्टर एकटेच कात्रीला तेल घालत बसले होते, आणि ती कात्री कुणाच्या तरी मानेवर चालवावी असा त्यांचा चेहरा होता.

"विचारा काय विचारायचं ते," ते म्हणाले. "आधीच सांगतो, मोठ्या कारखान्यातून बोलावणं आलंय मला. लपवत नाही. त्यांना हेच नमुने हवेत. इथे मॅडम एका भुवईसाठी तीन तीनदा कापायला लावतात. डोकं फिरतं माझं."

"मग गेला का नाहीत?"

मास्टरांनी फळीकडे बघितलं. "तिथली सगळी खेळणी हसतात. एकजात. दिवसभर हसरी तोंडं कापायची म्हणजे... नको वाटतं."

"त्या दिवशी काही वेगळं दिसलं?"

"दिसायचंय काय? दुपारी सगळे मागच्या खोलीत जेवायला बसतात, इथे कुलूप नसतं. कोणीही येईल जाईल. पण मी सांगतो, ह्या घरात काळजीनं काम करणारं माणूस एकच. आजी. त्या संध्याकाळी मी निघालो तर त्या बंद केलेली खोकी उघडून पुन्हा एकेक खेळणं दाबत बसलेल्या. म्हटलं, आजी, झालंय की सगळं तपासून. म्हणाल्या, मन मानत नाही. आणि बघा, एवढं करून त्यांच्याच नातीच्या नशिबी ते आलं."

"खरंय," वहिनी म्हणाल्या. "मास्टर, ह्यांची पिशवी फाटलीये. हे एक भोक शिवून द्याल? बिघडोबासारखं, वाकडं. गंमत म्हणून."

मास्टर वैतागले. "मी मशिनवरचा माणूस." पण शिवलं. ढगळ, भलेमोठे फेरे, मध्येच दोऱ्याची गाठ. "घ्या. वाकड्यातलं वाकडं."

जिन्यावर एक लहान मुलगी बसली होती. डोळ्याखाली पट्टी, दोन्ही गुडघ्यांवर रंगीत खडूचे डाग.

"चिडका तुमच्याकडे आहे ना?" तिने विचारलं. "त्याला रागावू नका. त्याला माहीत नव्हतं."

"नाही रागावणार," वहिनी तिच्या पायरीवर बसल्या. "तुला कुणी दिला होता तो?"

"कोणी नाही. मीच घेतला. टोपलीत सगळ्यांत वर होता. विकायचे घ्यायचे नसतात, पण तो खूप चिडला होता. मग आजी आली, म्हणून फ्रॉकमध्ये लपवला. मग उशीखाली."

"आजी टोपलीकडे आली होती?"

"हो. ती बसून दाबते ना, ते करायला."

वहिनींनी तिच्या केसांवरून हात फिरवला. जिना चढताना मात्र त्यांचा जबडा आवळलेला होता, आणि तो आवळला की भाऊजी गप्प बसत.

*

आजींची खोली अशी होती की आत पाऊल टाकताना आपण वाकडे चालत नाही ना, अशी शंका यावी. घडी केलेल्या चादरींच्या कडा एका रेषेत. कात्र्या लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं. आजी खुर्चीत ताठ बसून नातीच्या फ्रॉकची खालची दुमड घालत होत्या.

"मावशीनं कबूल केलं का?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"अजून भेटले नाही त्यांना."

"डोळे अधू असताना सुई धरू नये माणसानं."

"तुम्ही प्रत्येक खेळणं दाबता म्हणे?"

"दाबते. तेच काम दिलंय मला. हाही दाबलाच असेल. म्हातारे हात, सुटलं असेल काहीतरी." दोरा कापला गेला. "माझ्या हातचे झगे लोक उलटे करून बघायचे, सुलट बाजू कोणती ते कळायचं नाही. आता ही भुतं चिवडत बसते. बाहुलीनं कसं असावं? हसरं, नीटनेटकं. इथे एक रडतंय, एक रुसलंय. लोकांच्या पोरांना हेच शिकवायचं?"

"पण मुलांना आवडतात."

"मुलांना चिखलही आवडतो."

भाऊजी हसले आणि वहिनींच्या नजरेनं लगेच थांबले.

"आजी, एवढी पिशवी शिवून द्या ना. बिघडोबासारखी वाकडी."

"मला वाकडं येत नाही. म्हणून तर दाबायला बसवलंय."

"प्रयत्न तरी करा. पिशवीच तर आहे."

आजींनी पिशवी घेतली. दोरा ओवला तो पहिल्या फटक्यात. एक टाका डावीकडे झुकवला, दुसरा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. बोलता बोलता झालंसुद्धा. पिशवी परत देताना त्यांनी अंगठ्यानं शिवण सपाट केली. सवयीनं.

*

मावशींनी दार अर्धवटच उघडलं.

"तिनं पाठवलं? मग इथूनच जा."

"तिला माहीत नाही मी आलेय ते," वहिनी म्हणाल्या. "मला तुमची सुई बघायचीये."

मावशींनी रागारागानं सुई आणून वहिनींच्या तळहातावर ठेवली. पोती शिवायची असावी अशी दणकट. नेढ्यातून भाऊजींनाही पलीकडचं दिसलं.

"याच्यापेक्षा बारकी मला ओवताच येत नाही. हे तिला माहीत नाही? रोज शेजारी बसून शिवते ती माझ्या! माझे डोळे अधू, म्हणून माझा टाका वाकडा. तो वाकडा टाका तिला आवडला, तिनं तो विकला, त्याचं कौतुक झालं. आणि एक दिवस त्याच डोळ्यांसाठी मला दारातून बाहेर काढलं! पोरीला लागलं त्याचं मलाही वाईट वाटतं हो. पण एकदा विचारायचं तरी? 'मावशी, ही तुमची का?' एवढं?"

"विचारायला हवं होतं," वहिनी म्हणाल्या. "ही पिशवी शिवाल?"

"आता ही काय थट्टा?"

"थट्टा नाही. तुमच्या नावावरचा डाग ह्या पिशवीनं निघणार आहे."

मावशींनी दोघांकडे संशयानं बघितलं. मग उंबऱ्यातच बसून शिवलं, पिशवी नाकाला लावून. एक टाका लांब, एक आखूड, एक भलतीकडेच गेलेला, दोन एकमेकांवर चढलेले.

"चला आता माझ्याबरोबर," वहिनी म्हणाल्या.

"त्या घरात पाऊल ठेवणार नाही मी."

"ठेवायचं. जिथून हाकललं तिथेच तुम्हाला खरं ऐकवायचंय."

*

लांब टेबलाभोवती सगळे बसले. मास्टर हाताची घडी घालून. मावशी दाराजवळ, पाय बाहेरच्या दिशेनं. आजी ताठ. खेळणीवाली उभीच होती. मुलीला वर पाठवलं होतं.

मधोमध चिडका आणि भाऊजींची पिशवी.

"पहिली गोष्ट," वहिनी खेळणीवालीकडे वळल्या. "सुई तुमची आहे. पण तुम्ही विसरलेली नाही. तुम्ही डोळे शिवता तेव्हा खेळणं रिकामं असतं. त्यानंतर आत उशीभर कापूस जातो. तुमची सुई राहिली असती तर ती तोंडाकडे राहिली असती. पेराएवढी सुई एवढा कापूस पार करून सकाळपासून रात्रीपर्यंत पाठीला येत नाही. रक्त कुठे आहे बघा. टाक्यांना लागून. ही सुई सगळ्यांत शेवटी आत गेली, टोक बाहेरच्या बाजूला करून."

खेळणीवालीनं टेबलाची कड धरली. एवढे दिवस रोखून धरलेला श्वास सोडावा तसा तिचा चेहरा सैल झाला, आणि लगेच पुन्हा आवळला. "टोक बाहेर करून? म्हणजे कोणीतरी मुद्दाम..."

"मुद्दाम. पाठ बंद झाल्यावर कोणीतरी ती उसवली, सुई ठेवली आणि पुन्हा शिवली. केसांखाली जुन्या टाक्यांची रिकामी भोकं आहेत."

"कसर नव्हती तर," भाऊजी म्हणाले.

"नव्हती. आता, पुन्हा शिवणाऱ्यानं टाके वाकडेच घातले, मावशींचे वाटावेत म्हणून. मावशी, तुम्ही स्वतःच शिवलेली पाठ उसवून तुमची ओळख पटेल असे टाके कशाला घालाल? शिवाय ही सुई तुम्हाला ओवताही येत नाही आणि दिसतही नाही."

"तेच तर ओरडून सांगत होते!"

"मास्टर, तुमच्यावर आमच्या भाऊजींचा फार संशय होता."

मास्टरांनी भाऊजींकडे असं बघितलं की भाऊजींनी खुर्ची मागे सरकवली.

"पण त्या कारखान्याला हे नमुने हवेत. पोरांना टोचणारं खेळणं म्हणून ह्यांचं नाव झालं तर तो नमुना कोण घेईल? यात तुमचाच तोटा होता. आणि तुमचा हातचा टाका..." वहिनींनी पिशवी उलटी केली. "क्षमा करा, पण ह्यातून सुईच काय, चिडकाच बाहेर पडला असता."

त्यांनी हात पुढे केला. भाऊजींनी न सांगता कंगवा दिला. वहिनींनी तो मावशींच्या शिवणीला लावला. टाके दातांशी कुठेच जुळले नाहीत. मग चिडक्याच्या पाठीला लावला.

"जवळ येऊन बघा. डावा, उजवा, डावा, उजवा. प्रत्येक टाका एक दात सोडून पुढच्या दातावर. दिसायला वाकडे, पण मापात. नजर अधू असलेल्या बाईचा वाकडेपणा कधी असा येत नाही. हा वाकडेपणा अशा हाताचा आहे, ज्यानं आयुष्यात एकदाही टाका चुकू दिलेला नाही."

कंगवा पिशवीच्या उरलेल्या तिसऱ्या शिवणीवर गेला. डावा, उजवा, डावा, उजवा. दातावर टाका.

खेळणीवाली कंगव्याकडे बघत राहिली आणि मग हळूहळू मान वळवून आपल्या आईकडे.

"मास्टरांनी तुमची स्तुती केली, आजी," वहिनींचा आवाज चढला. "म्हणाले, संध्याकाळी तुम्ही खोकी उघडून पुन्हा सगळं दाबत होतात. सुई लागली रात्री. संध्याकाळी कुणाला काहीच माहीत नव्हतं. मग तुम्ही काय शोधत होतात? टोपलीतला चिडका तुमच्या हाताखाली आलाच नव्हता. तो नातीच्या फ्रॉकमध्ये होता. तुम्ही वाट बघत होतात आणि तो येत नव्हता!"

आजींचे हात मांडीवर होते. ते पहिल्यांदाच कुठल्याही रेषेत नव्हते.

"मला लागायची होती ती," त्या म्हणाल्या. "माझ्या बोटाला. सगळे बसलेले असताना. दुपारी तुम्ही जेवत होतात तेव्हा तुझी सुई समोर दिसली, तीच आत घातली. बोट वर करून दाखवणार होते, बघ, तुझ्या वाकड्या टाक्यात काय काय राहून जातं. बस. एवढंच."

"एवढंच?" खेळणीवाली ओरडली. "आणि सापडला नाही तेव्हा? खोकी उघडत बसलीस! 'सुई आहे, शोधा' एवढं तोंडातून निघालं नाही तुझ्या?"

"कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

"ज्या तोंडानं मावशींना अधू म्हणालीस त्या! ज्या तोंडानं त्या रात्री तिच्या शेजारी झोपलीस! मी त्यांना हाकलत होते तेव्हा तू तिथेच उभी होतीस, आई. कपाटाला टेकून. माझ्याकडे बघत होतीस!"

"तू मला टोपलीशी बसवलंस," आजी म्हणाल्या. त्यांच्याही आवाजात आता राग होता, जुना, आतल्या बाजूनं दुमडलेला. "सगळं आयुष्य सरळ शिवलं मी. तुझ्या फिया त्या सरळ टाक्यांतून भरल्या. आणि तू चार माणसांत म्हणालीस, आई, तुझा टाका चालत नाही."

"चालत नाही! माहीत आहे का चालत नाही?" तिनं फळीवरचा रडका ओढून काढला आणि टेबलावर आपटला. "टाका सरळ आला नाही की तू उसवायचीस. पुन्हा. पुन्हा. मी रडले की म्हणायचीस, रडकी तोंडं मला बघवत नाहीत, ते तोंड घेऊन बाहेर जा. ही ती तोंडं आहेत, आई! ही सगळी! मी ती घरात परत आणली. त्यांना उसवणारं कोणी नको होतं मला!"

आजींनी रडक्याकडे बघितलं. त्याच्या पोटावरचा खिसा उघडा पडला होता. त्यांचा हात पुढे आला, खिसा नीट करायला, आणि मध्येच थांबला.

"झालं का मायलेकींचं?" दाराजवळून मावशी म्हणाल्या. आवाज थंड होता. "तिला ओरडतेस ते ठीक. पण मला बाहेर काढलं ते तू. तिनं नाही."

खेळणीवालीचा सगळा राग एका जागी अडकला. "चुकले, मावशी."

"चुकलीस," मावशी म्हणाल्या, आणि तिला मुळीच सोपं करून दिलं नाही. मग आजींकडे वळल्या. "आणि तुम्ही? माझ्याकडे बघून बोला. मी अधू असेन, पण समोरचं माणूस दिसतं मला."

आजी उठल्या. टेबलाला वळसा घालून मावशींसमोर उभ्या राहिल्या. आवाज पुटपुटल्यासारखा आला.

"तुमचा काही दोष नव्हता."

"मोठ्यानं," मावशी म्हणाल्या. "मला हाकललं तेव्हा मोठ्यानं हाकललं होतं."

"तुमचा दोष नव्हता! माझा होता!"

मास्टरांनी मान खाली घातली. भाऊजींनी उगाचच चष्मा पुसायला घेतला.

"उद्यापासून या," खेळणीवाली मावशींना म्हणाली.

"बघते," म्हणून मावशी निघाल्या. दारात थांबून, मागे न बघता म्हणाल्या, "त्या चिडक्याची पाठ माझ्याशिवाय कुणाला शिवू देऊ नकोस."

आजी आपल्या खोलीत गेल्या. जिन्यावर त्यांची पावलं पहिल्यांदाच अडखळत वाजली. खेळणीवाली मागे गेली नाही. तिला जायचंही नव्हतं आणि न जाणंही जमत नव्हतं. ती टेबलाशी उभी राहून जिन्याकडे बघत राहिली.

"मुलीजवळ रात्री कोण झोपणार, ते आजच ठरवू नका," वहिनी हळूच म्हणाल्या. एवढा वेळ चढलेला त्यांचा आवाज आता खाली आला होता. "तुमचे हात मोकळे झालेत, तेवढं आज पुरे."

खेळणीवालीनं आपले हात बघितले. ते तिचेच होते.

वर दार वाजलं. मुलगी जिन्यावरून खाली येत होती, एकेक पायरी बसत बसत. शेवटच्या पायरीवर थांबून तिनं आईकडे बघितलं.

"आजी दार लावून रडतेय."

"हो, बाळा."

"त्या दिवशीपण रडत होती. सुई काढली ना, तेव्हा. माझ्याहून जास्त." तिनं डोळ्याखालच्या पट्टीला बोट लावून बघितलं. "आई, आजीला कुठे टोचली होती?"